विठ्ठलवाडीचं स्थळ

दौलतराव काटकर सुदेशसाठी मुली पाहायला सुरुवात करणार, तोवर सुदेशने ऑफिसातच जमवून टाकलं. त्यामुळे चार घरचे पोहे खायचे, खोड्या काढायच्या, 'कळवतो' म्हणून उठायचं आणि मग कळवायचंच नाही, ही मुलाच्या बापाची हक्काची हौस त्यांची राहूनच गेली. ती त्यांनी यंदा सीडी प्लेअर घेताना भागवून घेतली.

सीडी प्लेअर आता कुणी घेत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. घरात रोज कुणी ना कुणी सांगतच होतं. पण मानपाड्याच्या रंगाच्या कंपनीत त्यांची सगळी नोकरी दोन निळ्यांमधला फरक ओळखण्यात गेली होती, आणि जो फरक दुसऱ्या कुणाला दिसत नाही तोच खरा, अशी त्यांची निवृत्तीनंतरही श्रद्धा होती.

डोंबिवली पूर्वेच्या त्यांच्या हॉलमध्ये टीव्ही कोपऱ्यात होता आणि समोरची मानाची भिंत हाय-फायकडे. अ‍ॅम्प्लिफायर जुना, दोघांनी उचलावा असा. स्पीकरच्या पेट्या दौलतरावांनी स्वतः मरीन प्लाय कापून ठोकलेल्या. तेव्हा सुदेश रांगत होता आणि अर्धे स्क्रू त्याच्या तोंडातून काढावे लागले होते. त्या पेट्यांवर फुलदाणी ठेवायची नाही, गणपतीचं मखर टेकवायचं नाही, आणि पाहुण्यांच्या मुलांनी त्यांच्यावर बसायचं नाही. हा दौलतरावांचा कायदा. पेट्या रोज पुसायच्या त्या दौलतरावांनीच, हा त्यांच्या पत्नीचा, मालनताईंचा.

एवढ्या थाटात उणीव एकच. पूर्वीच्या सीडी प्लेअरमध्ये एकदा पाल शिरली. दोघंही गेली. त्यानंतर सुदेशने डाळिंबाएवढा एक ब्लूटूथ स्पीकर आणून दिला होता. "बाबा, याला वायर पण नाही," तो कौतुकाने म्हणालेला. "दिसतंय," दौलतराव म्हणाले, आणि तो बाथरूममध्ये ठेवला. तिथे त्याचा आवाज बरा लागतो, असं त्यांचं मत होतं.

तर हे असंच चाललं असतं. पण सुदेशला मुलगा झाला आणि बारसं डोंबिवलीला करायचं ठरलं.

बारसं खरं तर मुलीच्या माहेरी, म्हणजे ठाण्याला. पण सुनेचे वडील साईनाथ सुर्वे यांची बिल्डिंग पुनर्विकासाला गेलेली. व्याही सध्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. त्यामुळे मान डोंबिवलीला आला, आणि तो आल्याच्या संध्याकाळी दौलतरावांना मालनताईंचा पाळणा आठवला.

पाळणा मालनताईंनी स्वतः रचलेला. सुदेशच्या वेळी, माणदेशात, माहेरच्या पडवीत. पुढे डोंबिवलीत कॉलनीच्या महिला मंडळाने हौसेने एक सीडी काढली. आरत्या, ओव्या, दोन-तीन उखाणे आणि शेवटी मालनताईंचा पाळणा. सीडी विकली कमी गेली, वाटली जास्त. हळदीकुंकवाला वाण म्हणून दोन वर्षं तीच होती. मधल्या काळात मालनताईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, आणि जाताना वरचे सूर घेऊन गेली. तेव्हापासून त्या गात नाहीत. "माझा आवाज आता पिठाच्या गिरणीसारखा झालाय," असं सांगून विषय संपवतात.

दौलतरावांनी मनात ठरवलं: नातू पाळण्यात पडेल तेव्हा हा पाळणा वाजणार. आपल्या घरात, आपण ठोकलेल्या पेट्यांतून, आणि ठाण्याच्या व्याह्यांच्या देखत.

"आपली सीडी कुठंय?" त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं.

"कुठली?"

"तुझी. पाळण्याची."

"बाल्कनीत."

"बाल्कनीत काय करतेय?"

"कबुतरं हाकलतेय," मालनताई लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "ऐकून माणसं उठून जायची. म्हटलं, बघून कबुतरं तरी जातील."

दौलतराव बाल्कनीत गेले. ग्रिलला सुतळीने बांधलेली सीडी वाऱ्यावर गिरक्या घेत होती. कबुतरं कुठेही गेली नव्हती. उलट एका जोडप्याने तिच्या बरोब्बर खाली संसार मांडला होता आणि मादी त्या चकचकाटात बघून मान वेळावत होती. समोरच्या बिल्डिंगकडे नजर टाकली तर तिथेही मजल्यामजल्यावर त्याच सीड्या चमकत होत्या. मंडळाचं कार्य घरोघरी पोचलं होतं, हे कुणी नाकारू शकलं नसतं.

त्यांनी सीडी सोडवली. बाळासाठी आणलेल्या शाम्पूने धुतली. मालनताई म्हणाल्या, "बाळाला ठेवा थोडा." वरची छापील नावं उन्हाने उडून गेली होती, पण चकचकीत बाजू बरी होती, म्हणजे दोन-चार ओरखडे आणि कबुतरांच्या आठवणी सोडल्या तर. त्या दिवसापासून ते सीडी खाली ठेवताना स्वच्छ रुमाल अंथरायचे आणि चकचकीत बाजू वर करून ठेवायचे. ओरखडा वाढू नये म्हणून.

"कन्व्हर्ट करून देतो ना, बाबा," सुदेश फोनवर म्हणाला. "वीकेंडला." सुदेशचा वीकेंड गेल्या दिवाळीपासून यायचा होता.

सीडी आहे, पण वाजवायला काही नाही. दौलतरावांनी विचार केला, आधी वाजते का ते तरी बघू. आणि वाजवायची तर ठाण्यालाच. कारण व्याह्यांचं हाय-फाय हे खरोखरच हाय-फाय होतं.

साईनाथरावांनी भाड्याच्या घरात येताना सोफा, डायनिंग टेबल, कपाटं आणि सासूबाईंचा पलंग गोडाऊनला टाकला होता आणि हाय-फाय बरोबर आणलं होतं. पाहुणे सतरंजीवर बसून ऐकायचे. मधोमध एक जागा होती, तिथे बसलं तरच संगीत नीट ऐकू येतं. बाकीच्यांना नुसता आवाज येतो. त्या जागेवर साईनाथराव बसायचे.

"व्याही, हे मशीन लपवाछपवी करत नाही," त्यांनी सीडी दोन बोटांत धरून उजेडात फिरवली. "रेकॉर्डिंगमध्ये खोट असली की तोंडावर सांगतं. खानदानी आहे."

ट्रे आत गेला. मशीनने किंचित घशात आवाज केला आणि ट्रे बाहेर आला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. बिल पुढे करणाऱ्या वेटरसारखा.

"डिस्क नाही म्हणतंय," साईनाथराव पडद्यावरची अक्षरं वाचून म्हणाले.

"डिस्क नाही? मग ट्रेमध्ये काय थालीपीठ ठेवलंय?"

"म्हणजे, त्याच्या दृष्टीने नाही." साईनाथरावांनी सीडी सहानुभूतीने परत दिली. "गेलीय ही, दौलतराव. जीव नाही लावायचा. बारशाला मी पेनड्राइव्हवर मस्त सतार आणतो. परदेशी रेकॉर्डिंग आहे. बाळाच्या मेंदूला चांगलं असतं."

मुलाकडच्या माणसाला मुलीकडच्या माणसाने 'तुमचं गेलेलं आहे' असं सांगण्याची रीत आपल्याकडे नाही. पण साईनाथराव इतक्या प्रेमाने बोलले की अपमान नीट धरताही येईना. दौलतराव चहा पिऊन उठले.

घरी आल्यावर मालनताई म्हणाल्या, "मग सतार लावू. त्यात काय."

"माझ्या नातवाला सतार? तो काय संस्थानिकाचा आहे?"

"मग तुम्ही गा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतरावांनी धम्मपालला फोन केला.

धम्मपाल कांबळे कंपनीत त्यांच्याबरोबरचा. दौलतराव रंग बघायचे तेव्हा हा युनियन बघायचा. बोलणी कशी करावी, कुठे उठून जावं आणि उठून गेल्यावर जिन्यात किती वेळ रेंगाळावं, यातला जाणकार. स्थळं बघायला मध्यस्थ लागतो. दौलतरावांना तो मिळाला.

"एवढं सगळं एका सीडीसाठी?" धम्मपालने विचारलं.

"एका पाळण्यासाठी."

"वहिनींना सांग ना गायला. फुकटात होईल."

"ती गात नाही आता."

धम्मपालने पायात चपला सरकवल्या.

पहिलं स्थळ ठाण्याच्या एका शोरूममधलं. काचेचं दार, आत एसी, आणि टाय लावलेला मुलगा. दौलतरावांनी सीडी प्लेअर म्हणताच तो आत जाऊन कुणाला तरी विचारून आला. मग एका काळ्या, पातळ, अंगावर एकही बटण नसलेल्या वस्तूपाशी घेऊन गेला. "सर, हा आमचा एंट्री लेव्हल."

किंमत ऐकून दौलतरावांनी पाणी मागितलं.

"एंट्रीलाच एवढं," धम्मपाल म्हणाला, "तर आत गेल्यावर काय काढून घेता?"

तरीही दौलतरावांनी आपली सीडी लावायला सांगितली. मुलाने ती बघितली, मग दौलतरावांकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, हे डेमो पीस आहे. अशी डिस्क घालायला पॉलिसी नाही." श्रीमंताघरची मुलगी. बघायचीही परवानगी नाही.

दुसरं स्थळ खुद्द धम्मपालच्या घरचं. माळ्यावरचा डीव्हीडी प्लेअर, शेजारी माइकसाठी भोक असलेला. याने कसलेही आढेवेढे घेतले नाहीत. सीडी आत गेली आणि लगेच वाजू लागली. दौलतरावांच्या अंगावर काटा आला. पण पाठोपाठ 'घुंऽऽ' असा आवाजही यायला लागला, आणि मालनताई कुठल्या तरी पाण्याच्या टाकीत बसून गातायत असं वाटायला लागलं.

"वाजतंय की," धम्मपाल म्हणाला. "फुकट घेऊन जा."

"मुलगी गुणी आहे," दौलतराव बराच वेळ ऐकून म्हणाले, "पण नाकात बोलते."

"तू लग्न करणारेस की ऐकणारेस?"

"ऐकायचंय म्हणूनच."

पण या स्थळाने एक महत्त्वाची गोष्ट कळली. सीडी गेलेली नव्हती. साईनाथरावांच्या मशीनने तिला नाकारलं होतं एवढंच. आणि नाकारलेल्यांत दोष असतोच असं नाही, हे दौलतरावांना त्यांच्या स्वतःच्या लग्नाआधीच्या पाच-सहा नकारांवरून ठाऊक होतं. आता त्यांनी पद्धत ठरवली. मशीनचं घराणं, रंग, वजन यातलं काही बघायचं नाही. खिशातली सीडी ही पत्रिका. ती जुळली पाहिजे, आणि आवाज स्वच्छ आला पाहिजे. बस.

कल्याणच्या एका डॉक्टरांचं मशीन मोबाइलवर जाहिरातीत दिसलं. मशीन देखणं, मूळ खोक्यासकट. डॉक्टरांनी आधी यांचीच चौकशी केली: घरात धूळ किती, लहान मुलं आहेत का, व्होल्टेज कसं आहे. मुलगी परदेशी पाठवायची असावी असा त्यांचा चेहरा झाला होता. दौलतरावांनी सगळी खरी उत्तरं दिली आणि शेवटी पत्रिका काढली. मशीनने ती वाचली, पहिली ओळ गायली, आणि पुढे उचकी लागली ती थांबेना.

"आमच्याकडे असं कधी झालं नव्हतं हो," डॉक्टर म्हणाले.

"तुमच्याकडे कबुतरं नसतील," धम्मपाल म्हणाला.

बारसं रविवारवर आलं, तरी दौलतराव रिकामेच. शुक्रवारी मालनताईंनी फोनवर विहीणबाईंना "हो हो, सतार आणा" असं सांगितलेलं त्यांनी ऐकलं. ते उठले, सदरा घातला, रुमालात सीडी गुंडाळली आणि धम्मपालला घेऊन विठ्ठलवाडीला गेले.

स्टेशनबाहेरच्या गल्लीत प्रीतीचं दुकान. तिचे वडील तिथे कॅसेट विकायचे. पाटीवर अजून कॅसेटचं चित्र होतं आणि खाली मोबाइलची कव्हरं लटकत होती. मागच्या भागात लोकांनी नव्याच्या बदल्यात टाकून दिलेल्या जुन्या यंत्रांचा ढीग होता. टेपरेकॉर्डर, मिक्सर, एक इस्त्री, आणि तळाशी सीडी प्लेअर.

"काका, मला यातलं ओ की ठो कळत नाही," प्रीती एका गिऱ्हाइकाच्या फोनला काच चिकटवता चिकटवता म्हणाली. "सीडी चालायच्या तेव्हा मी शाळेत होते. तुम्हीच बघा. वाजलं तर घ्या, नाही वाजलं तर ढिगात परत ठेवा. फेकू नका फक्त."

एवढं प्रामाणिक स्थळ दौलतरावांनी आजवर पाहिलं नव्हतं.

दोन मशीन्स उघडलीच नाहीत. तिसऱ्याचा ट्रे उघडला आणि आतून एक झुरळ बाहेर आलं, इकडेतिकडे बघून परत आत गेलं. चौथं मशीन जपानी, एकेकाळी रुपेरी. एका कोपऱ्याचा पाय गेलेला, रिमोट कधीच हरवलेला, पुढच्या बाजूला कुणाच्या तरी पोराने स्केचपेनने मिशा काढलेल्या. दौलतरावांनी ते काउंटरवर ठेवलं. डुगडुगलं. प्रीतीने पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून पाय नव्हता तिथे सरकवलं. उभं राहिलं.

सीडी आत गेली. मशीन घरघरलं. थांबलं. पुन्हा घरघरलं.

"झोपलं," धम्मपाल म्हणाला.

"विचार करतंय."

"आपल्या मॅनेजमेंटसारखं?"

"मॅनेजमेंटने कधी केला होता विचार?" दौलतराव ट्रेवरून नजर न हलवता म्हणाले.

हिरवे आकडे उमटले. दौलतरावांनी बटण दाबत दाबत शेवटचं गाणं गाठलं. आणि प्रीतीच्या दुकानातल्या एका तपकिरी स्पीकरमधून, मिक्सर आणि इस्त्रीच्या ढिगाऱ्यावरून, मालनताई गायला लागल्या. घुंऽऽ नाही, उचकी नाही.

*नीज नीज रे तान्हुल्या, माळावरी झोपला वारा,*
*दावणीला गाय निजली, सोडून कडबा-चारा…*

आवाज तेव्हाचा. सरळ, उन्हासारखा, कुठेही न कापणारा. प्रीतीचा हात काच चिकटवता चिकटवता थांबला. गिऱ्हाईकही 'लवकर करा' म्हणायचं विसरलं.

"कोण गातंय, काका?"

"मिसेस," दौलतराव म्हणाले; आज वारा पडलाय म्हणावं तसे. मग कुणी पुन्हा विचारीना, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं, "मिसेस आहे आमची. रचलेलं पण तिचंच."

"खरंच?"

"शब्द न् शब्द," धम्मपालने साक्ष दिली.

दौलतराव भाव पाडणार होते. तसं जिन्यात ठरलंही होतं. पण मिसेस गात असताना घासाघीस करणं बरं दिसेना, आणि पाळणा संपेपर्यंत प्रीतीने मशीन पिशवीत घातलंसुद्धा होतं. धम्मपालने परतीच्या वाटेवर, युनियनच्या इतिहासात याहून वाईट बोलणी झालेली नाहीत, असं मत नोंदवलं. झाकण मात्र फुकट मिळालं.

घरी मालनताईंनी मशीनला खालून वर बघितलं.

"याचा पाय कुठंय?"

"आहे की."

"हे बाटलीचं झाकण आहे."

"आवाज ऐक."

त्यांनी पूर्ण पाळणा लावला. मेथी निवडता निवडता मालनताईंनी तो ऐकला. दौलतराव त्यांच्याकडे बघत होते, पेपरवाल्याने निकालाचा पेपर आणावा आणि आपण त्यात नाव शोधावं तसे.

"शेवटच्या ओळीआधी श्वास चुकलाय," मालनताई म्हणाल्या, आणि काड्या घेऊन आत गेल्या. पण जाताना मशीनवरच्या मिशा ओल्या फडक्याने पुसून गेल्या. दौलतरावांनी तो होकार धरला.

रविवारी सकाळपासून घर भरलं. पाळणा फुलांनी सजला, घुगऱ्या शिजल्या, वरवंट्याला कुंची घातली. दौलतराव खाली व्याह्यांना घ्यायला गेले होते. वर मालनताई हळदकुंकवाची कोयरी घेऊन एकेका वस्तूपाशी जात होत्या. पाळण्याला लावलं, वरवंट्याला लावलं. नवं मशीन घरात आलं आणि पहिल्यांदाच शुभकार्यात बसलंय, म्हणून त्याच्यापुढे नारळ ठेवून त्यालाही लावलं. शेजारी रुमालावर सीडी होती. चकचकीत बाजू वर. पूजेला ठेवलेल्या वस्तूची जी बाजू समोर, तिला आपण कुंकू लावतो. पाठीला कोण लावतं? मालनताईंनी बोट ओलं केलं आणि तिलाही लावलं.

साईनाथराव आले. आल्या आल्या त्यांनी हॉलवर नजर फिरवली, दोन पेट्यांमधलं अंतर डोळ्यांनी मोजलं, आणि सोफ्याच्या बरोब्बर मधोमध बसले. काही म्हणा, ऐकायला कुठे बसायचं एवढं या माणसाला कळतं, असं दौलतरावांना क्षणभर वाटलं.

"हे काय घेतलंत?" साईनाथरावांनी मशीनकडे बोट केलं. "कुठल्या सालचं?"

"चांगल्या," दौलतराव म्हणाले.

"पाय…"

"बसवून घेतलाय."

साईनाथरावांनी खिशातला पेनड्राइव्ह चाचपून ठेवला. लागलाच तर.

बाळाला पाळण्याखालून-वरून देत 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं. सुदेशची बहीण अक्षदा बाळाची कुंची सावरत वाकली आणि आत्याच्या मानाने बाळाच्या कानात नाव सांगितलं. अद्वय. दौलतरावांना ते नाव दात लावून दोनदा म्हणावं लागलं होतं. पण आज त्यांची तक्रार नव्हती. त्यांनी सुदेशला मान हलवून खूण केली. स्वतः उठले नाहीत. व्याह्यांच्या शेजारी, जणू हे असं रोजच होतं, अशा चेहऱ्याने बसून राहायचं त्यांनी रात्रीच ठरवलं होतं.

सुदेशने एका हाताने व्हिडिओ काढत दुसऱ्या हाताने सीडी उचलली, उलटी केली, आत सरकवली आणि शेवटच्या गाण्यापर्यंत बटण दाबत नेलं. मशीन विचार करू लागलं. साईनाथरावांनी सूचकपणे डोळे मिटले. आणि मग दोन्ही पेट्यांतून, मरीन प्लायच्या, स्वतः ठोकलेल्या, मालनताईंचा आवाज उठला आणि हॉलभर उभा राहिला.

बायका बोलायच्या थांबल्या. पाळण्याची दोरी हातात धरलेल्या मालनताई खाली मान घालून झोका देत राहिल्या. दौलतराव कुणाकडेच बघत नव्हते. फक्त व्याह्यांच्या भुवयांकडे. वारा झोपला. भुवया किंचित वर गेल्या. गाय निजली. भुवया तिथेच राहिल्या. साईनाथरावांनी डोळे न उघडता विचारलं, "या कोण हो?"

दौलतराव उत्तर देणार, एवढ्यात दुसरं कडवं लागलं.

*नीज नीज रे तान्हुल्या, पाण्याला गेली आई…*
*पाण्याला गेली आई… पाण्याला गेली आई… पाण्याला गेली…*

आई पाण्याला जात होती, जात होती, आणि जातच होती. कुणीतरी खुदकन हसलं. अद्वय जागा झाला आणि त्याने तोंड वाकडं केलं.

"व्याही," साईनाथरावांनी डोळे उघडले, "तुमच्या माणदेशात पाणी फारच लांब दिसतंय."

हॉल हसला. साईनाथरावांचा हात पेनड्राइव्हकडे गेला. दौलतराव उठायला गेले, पण गुडघ्याने वेळ लावला.

आणि मालनताईंनी, झोक्याची लय न मोडता, मान वर न करता, पुढची ओळ उचलली.

*येता येता घागरीत चांदणं घेऊन येई…*

आवाज खालचा होता. जाड, मधेच खरखरणारा, पिठाच्या गिरणीसारखाच. पण गिरणीत जसं सगळं गाव येऊन थांबतं, तसा हॉल थांबला. मशीनने आणखी एकदा आईला पाण्याला पाठवायचा प्रयत्न केला, आणि सुदेशने घाईघाईने ते बंद केलं. मालनताई थांबल्या नाहीत. राहिलेली कडवी त्यांनी तशाच म्हटली, वरचा सूर आला तिथे खाली उतरून, जिन्याची एक पायरी मोडकी आहे हे ठाऊक असलेल्या माणसासारख्या. आणि शेवटच्या ओळीआधी श्वास अगदी बरोबर घेतला.

अद्वय झोपला.

विहीणबाईंनी पदराने डोळे टिपले. सून ऐश्वर्या सासूकडे असं बघत होती, की जणू तिच्या घरात इतकी वर्षं एक बंद खोली होती आणि ती आज कुणी उघडून दाखवली. धम्मपाल दारात उभा होता, तो म्हणाला, "बघ. मी म्हटलं नव्हतं, फुकटात होईल?"

साईनाथरावांनी हळूच विचारलं, "आधीचा आवाजही यांचाच?"

"मिसेसचाच," दौलतराव म्हणाले.

"ही डिस्क मला द्या एक दिवस. माझ्या मशीनवर पुन्हा लावून बघतो. नीट सेटिंग करून."

"नको हो, व्याही," दौलतराव मऊपणाने म्हणाले. "त्याला दिसायची नाही. खानदानी आहे ते."

साईनाथराव आधी कानापर्यंत लाल झाले आणि मग मोकळेपणी हसले. पेनड्राइव्ह पुन्हा बाहेर आला नाही.

जेवणं झाल्यावर सुदेशने ट्रे उघडला. सीडीच्या चकचकीत बाजूवर, बाहेरच्या कडेच्या थोडं आत, कुंकवाचं एक बोट उठलं होतं.

"आई! सीडीला कुंकू लावलंस?"

"लावलं. का? तेवढीच वगळू?" मालनताई म्हणाल्या.

"बाबा, आत्ता पुसून देतो. ओला टिश्यू आहे. पूर्ण वाजेल मग."

दौलतरावांनी सीडी हातात घेतली. कडेने धरून उजेडात फिरवली. दोन निळ्यांमधला फरक ओळखणाऱ्या त्यांच्या डोळ्यांनी त्या लाल ठिपक्याकडे बराच वेळ बघितलं.

"राहू दे," ते म्हणाले.

"अहो बाबा, पण अडकतंय तिथे."

"कुंकू पुसायचं नसतं."

"तू कधीपासून एवढा धार्मिक झालास?" धम्मपालने विचारलं. दौलतरावांनी सीडी रुमालात गुंडाळली.

आता काटकरांकडे कुणी आलं, की दौलतराव आधी पेट्या दाखवतात, मग विठ्ठलवाडीचं मशीन, मग झाकण. पाहुण्याला सोफ्याच्या मधोमध बसवतात आणि पाळणा लावतात. वारा झोपतो, गाय निजते, आणि ठरलेल्या जागी आई पाण्याला जाते ती परत येत नाही. पाहुणा अवघडून मशीनकडे बघतो. दौलतराव स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"अहो, पुसा की ते एकदाचं!" आतून मालनताई ओरडतात. "सारखं सारखं कोण पाणी आणणार?"

दौलतरावांना तेवढं मात्र ऐकू येत नाही. मशीनमध्ये आई पाण्याला जातच असते. मग आत गॅस बारीक झाल्याचं कळतं, भांडं खाली ठेवल्याचा आवाज येतो, आणि घागर चांदण्यासकट घरी येते.